गच्चीचे कुलूप आणि हरवलेली परसबाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालेभाज्यांच्या दरवाढीची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. श्रावणात पावसाने आवक घटली की दर वर्षी ही बातमी येते, मंडईतील गृहिणींच्या प्रतिक्रिया छापून येतात आणि पंधरा दिवसांत विषय मागे पडतो. या विषयाची एक बाजू बातमीत आली नव्हती, ती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कोथिंबीर, मेथी, माठ, अळू, आंबट चुका या भाज्या नाजूक असतात, लवकर कोमेजतात आणि पावसात सर्वांत आधी महागतात. पण घरी लावायला सर्वांत सोप्या भाज्याही याच आहेत. तरीही शहरातील बहुतेक घरांत त्या लावल्या जात नाहीत. जागा नाही, वेळ नाही अशी कारणे आपण देतो. माझ्या अनुभवावरून मात्र मला असे वाटते की, खरी अडचण आपल्या इमारतींच्या गच्चीला लागलेल्या कुलपाची आहे.

माझे बालपण वाई तालुक्यातील एका खेड्यात गेले. घरामागे अर्ध्या गुंठ्याचे परस होते. त्याला कोणी बाग म्हणत नसे, कारण ते स्वयंपाकघराचाच भाग असल्यासारखे वापरले जाई. मोरीचे पाणी दगडी पन्हळीतून अळूकडे जाई, त्यापलीकडे केळ आणि कर्दळ, कुंपणावर घेवडा आणि कारले, मांडवावर दुधी आणि पडवळ. पडवळ वेडेवाकडे न होता सरळ वाढावे म्हणून आई त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधत असे. मावा दिसला की सकाळच्या दवात चुलीची राख पानांवर भुरभुरली जाई. भाजीचे देठ, साली, शेंगांची टरफले गुरांपुढे जात आणि शेणखत होऊन पुन्हा त्याच वाफ्यात येत. घरातले अन्न बाहेर फेकून देण्याजोगे होते, ही कल्पनाच त्या घरात नव्हती.

या परसाचा आणि आपल्या सणांचा संबंध किती घट्ट होता, हे मला फार उशिरा उमगले. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा नेम आपल्याकडे घरोघरी पाळला जातो. त्या दिवशी नांगरटीच्या शेतातले धान्य चालत नाही. हाताने खणलेल्या जागेत जे उगवले तेच चालते. अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याचे कणीस यांची ती एकत्र भाजी म्हणजे भाद्रपदातल्या परसाची जवळजवळ संपूर्ण यादीच असते. हा नेम पाळायचा तर प्रत्येक घरामागे निदान एक हातखणतीचा तुकडा जिवंत ठेवावाच लागे, आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी वर्षातून एकदा त्याची परीक्षा होई. आज ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मंडईत मिळतात आणि मीही कित्येक वर्षे ते आणले. ते आणताना दर वर्षी मनाला काहीतरी टोचत राही, पण काय ते नेमके सांगता येत नसे.

लग्नानंतर मी पुण्यात आले आणि गेली पस्तीस वर्षे एका पाच मजली इमारतीत राहते. आमच्या सदनिकेची बाल्कनी उत्तरेला आहे. तिथे कुंड्या मांडून मी टोमॅटो आणि वांगी लावली, रोपे हातभर वाढली, पण फुले येऊन गळाली आणि तीन वर्षांत वाटीभर टोमॅटोही मिळाले नाहीत. आपल्या हाताला गुण नाही, असे मी धरून चालले होते. दोष हाताचा नव्हता, उन्हाचा होता. फळभाजीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते आणि पालेभाजीचे तीन-चार तासांवर भागते, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. सदनिकांच्या इमारतीत दिवसभर पडणारे ऊन बहुतेक एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे गच्चीवर. आणि गच्चीची किल्ली कमिटीच्या कपाटात असते.

ते कुलूप निघायला आमच्या सोसायटीत चार वर्षे लागली. एका वार्षिक सभेत विषय मांडला तेव्हा तीन हरकती आल्या: गळती होईल, स्लॅबवर भार येईल आणि डास होतील. त्या वेळी मला राग आला होता. आज मला त्या हरकती रास्त वाटतात, कारण त्यांचा विचार न करता उत्साहात केलेल्या गच्चीवरच्या बागा मी पुढे पाहिल्या आणि त्यांनी खालच्या मजल्यावरच्या कुटुंबांना दिलेला त्रासही पाहिला. म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

भाराचा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा असा आहे. एक घनफूट ओल्या मातीचे वजन सुमारे पन्नास किलो भरते. गच्चीवर एक फूट जाडीचा मातीचा वाफा केला तर दर चौरस मीटरला पाचशे किलोंहून अधिक भार होतो. माणसांना ये-जा करता येईल अशा सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानक संहितेत वापराचा भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो, एवढाच धरलेला असतो. म्हणजे हौसेने टाकलेला मातीचा वाफा त्या गृहीत भाराच्या तिपटीहून जड होतो. गच्चीवर शेतासारखी माती पसरणे म्हणूनच चुकीचे आहे, आणि एखाद्या इमारतीत ते झाले असेल तर ते काढून टाकावे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

पण भाजीला एवढी माती लागतच नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या, म्हणजे प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाच्या, माध्यमातून अनेक वर्षे हेच सांगितले, की झाडाची खरी गरज ऊन आणि कुजलेला काडीकचरा यांची आहे, आणि पाचोळा ही आपल्या हाताशी असलेली, पण जाळून टाकली जाणारी दौलत आहे. हा विचार गच्चीवर आणणाऱ्यांपैकी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या प्रीती पाटील यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. हजारो कामगारांचा स्वयंपाक होणाऱ्या त्या उपाहारगृहाचा ओला कचरा त्यांनी त्याच इमारतीच्या गच्चीवर जिरवला आणि त्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली. आम्ही त्याच वाटेने गेलो. वाळका पाला, उसाचे पाचट, नारळाच्या शेंड्या आणि घरचे खत यांचा भरपूर वाटा आणि माती एक तृतीयांशाहून कमी, असे मिश्रण पिशव्यांत आणि जुन्या पिंपांत भरले. एका सभासदांच्या ओळखीच्या स्थापत्य अभियंत्याने येऊन गच्ची पाहिली आणि खाली तुळया आणि खांब कुठे आहेत ते खडूने आखून दिले. जड पिंपे त्याच रेषांवर राहतील, हा नियम आम्ही आजही मोडत नाही. बाकीच्या पिशव्या लोखंडी घोड्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवल्या, म्हणजे खालून पाणी वाहून जाते, कोबा, म्हणजे गच्चीचा पाणी अडवणारा थर, कोरडा राहतो आणि तडा गेलाच तर दिसतो. पावसाळ्यापूर्वी कोब्याची दुरुस्ती करून घेतली, तिचा खर्च बाग करणाऱ्या सहा कुटुंबांनी सोसला. कठड्यावर एकही कुंडी ठेवायची नाही आणि कुंडीत आपोआप उगवलेले पिंपळाचे वा वडाचे रोप दिसताक्षणी उपटायचे, हे ठरावातच लिहिले आहे. या सात वर्षांत आमच्या गच्चीतून गळती झालेली नाही.

डासांबद्दलची भीतीही खरी आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या थाळीतल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दीड आठवडा पुरतो. म्हणून थाळ्या आम्ही काढूनच टाकल्या, आणि पाण्याची पिंपे जाळीने बांधून दर रविवारी घासली जातात.

आता फायद्यांविषयी. मी सुरुवातीलाच सांगते की, पैशांची बचत हा माझ्या लेखी सर्वांत लहान फायदा आहे. पिशव्या, घोडे, नळी, कोब्याची दुरुस्ती असा खर्च धरला तर पहिली दोन वर्षे घरची भाजी मंडईपेक्षा महागच पडते. आमची पालेभाजीची गरज आठवड्यातून तीन दिवस घरच्या भाजीवर भागते, टोमॅटो आणि मिरची हंगामात पुरते, आणि कांदा-बटाटा, कोबी, फ्लॉवर आम्ही विकतच घेतो. गच्चीवरच्या बागेतून घरखर्च निम्मा होतो असे कोणी सांगत असेल तर माझा अनुभव तसा नाही.

खरा फायदा ताटात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात रोज चारशे ग्रॅम भाज्या असाव्यात, आणि त्यांत पालेभाज्याही याव्यात. दुसऱ्या बाजूला, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की दारातल्या शेवग्याची, माठाची, राजगिऱ्याची किंमत कळते. पालेभाजी खुडल्यापासून तिच्यातील क जीवनसत्त्व कमी होऊ लागते आणि उष्ण हवेत ते फार वेगाने जाते. शेतातून बाजार समितीत, तिथून किरकोळ विक्रेत्याकडे आणि मग आपल्या फ्रीजमध्ये, असा दीड-दोन दिवसांचा प्रवास केलेली मेथी आणि अर्ध्या तासापूर्वी खुडलेली मेथी यांत चवीपलीकडचाही फरक असतो. पाल्यातील लोह अंगी लागण्यासाठी क जीवनसत्त्वाची मदत होते, त्यामुळे ताजी भाजी आणि वर लिंबू पिळण्याची जुनी सवय यांना पोषणाचाही आधार आहे. माझ्या सुनेला तिच्या गरोदरपणात रोज मूठभर शेवग्याचा पाला वरणात घालून देता आला, आणि तो पाला आणण्यासाठी कोणाला मंडईत जावे लागले नाही, हे मला कोणत्याही बचतीपेक्षा मोठे वाटते.

शिवाय घरी ज्या भाज्या होतात त्यांतल्या कित्येक मंडईत क्वचितच मिळतात. चाकवत, चंदनबटवा, अंबाडी, घोळ, मायाळू, आंबट चुका यांना फार दिवस टिकाव नाही आणि फार गिऱ्हाईकही नाही, म्हणून व्यापारी त्या कमी आणतात. नव्या पिढीला त्यांची नावेही माहीत नाहीत. मायाळूचा वेल तर बाल्कनीच्या गजांवरही बहरतो, त्याला फारसे ऊन लागत नाही, आणि त्याच्या पानांची भजी घरात सर्वांना आवडतात. उत्तरेच्या बाल्कनीत मी तीन वर्षे टोमॅटोच्या मागे लागण्याऐवजी मायाळू, ओवा, पुदिना आणि अळू लावले असते तर माझी निराशा टळली असती, म्हणून ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांच्यासाठी हे मुद्दाम नोंदवते.

कीटकनाशकांच्या भीतीने अनेक जण घरच्या भाजीकडे वळतात. ही भीती निराधार नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या विषारी औषधाचा भाजीपाल्यावरील वापर आपल्या देशात २००५ मध्येच बंद करावा लागला, आणि फवारणीनंतर तोडणीपूर्वी सोडायचे दिवस बाजारभावाच्या घाईत नेहमीच पाळले जातात असे नाही. मात्र या भीतीचे रूपांतर शेतकऱ्याविषयीच्या संशयात होऊ नये. विषाचा पहिला फटका फवारणाऱ्यालाच बसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला, हे आपण विसरता कामा नये. उलट, स्वतः एकदा भेंडी लावून पाहावी. पांढरी माशी येते, तिच्यामागून हळद्या रोग येतो, आणि आठवड्याभरात हिरवीगार पाने पिवळ्या शिरांची होऊन सगळी मेहनत वाया जाते. आमच्या बारा रोपांवर हे झाले तेव्हा आम्ही हळहळलो; ज्याचे एकरभर पीक असे जाते आणि त्यावर कर्ज असते, त्याच्या घरी काय होत असेल याची कल्पना मला त्या दिवशी पहिल्यांदा आली. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव न मिळाल्याने आपल्याच राज्यातील शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले आणि त्याच वर्षी जुलैत ग्राहकांनी किलोला शंभरहून अधिक रुपये मोजले. हे दोन्ही प्रसंग मी त्या वर्षी वर्तमानपत्रात वाचले, पण भाजी स्वतः लावत असल्यामुळे मला पहिल्याचे दुःख दुसऱ्याच्या रागाइतकेच जाणवले. घासाघीस करण्याची माझी सवय तेव्हापासून सुटली.

घरी रासायनिक औषधाची गरज आम्हाला पडलेली नाही. निंबोळीचे पाच टक्क्यांचे द्रावण, म्हणजे पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवून एक लिटर पाण्यात गाळून घेतलेला अर्क, आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारला की मावा आणि फुलकिडे आटोक्यात राहतात. पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदी कापून साबणाच्या पाण्यात बुडवायची. झेंडू आणि तुळस मध्ये मध्ये लावली आहे. एवढे करूनही काही पीक जाते आणि ते जाऊ द्यावे लागते.

ओल्या कचऱ्याचा मुद्दा मला पुणेकर म्हणून अधिक जिव्हाळ्याचा आहे. घरच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक वाटा भाजीच्या देठांचा, सालींचा, उरलेल्या अन्नाचा असतो. आपल्या शहराचा हा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे जाऊन पडला, तिथल्या विहिरींचे पाणी खराब झाले, आणि त्या ग्रामस्थांना गाड्या अडवून आंदोलने करावी लागली. ज्या भागातून पुण्याला भाजी येते त्याच भागाकडे आपण आपल्या भाजीची सडकी देठे पाठवत होतो, याची मला लाज वाटते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा उगमापाशीच वेगळा करणे बंधनकारक केले आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्या आवारातच जिरवावा असे सांगितले. अनेक सोसायट्यांत त्यासाठी खड्डे बांधले गेले आणि काही महिन्यांत बंद पडले, कारण तयार झालेल्या खताचे काय करायचे हा प्रश्न कोणी सोडवला नव्हता. गच्चीवर भाजी असेल तर तो प्रश्न उरत नाही. उलट खत पुरत नाही. आमच्या सहा घरांचा ओला कचरा तीन पिंपांत जातो. एक थर कचरा आणि त्याहून जाड थर वाळक्या पाल्याचा, सुरुवातीला थोडे शेणकाल्याचे विरजण, आणि आठवड्यातून दोनदा वरखाली करणे एवढेच काम आहे. वास येतो तो ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली म्हणून. सुका पाला वाढवला की तो थांबतो. दोन ते तीन महिन्यांत काळे, मोकळे, पावसाच्या मातीसारखा वास असलेले खत मिळते.

मुलांविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. पाचव्या मजल्याच्या गच्चीवर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे वेलभाज्यांचे परागीभवन हाताने करावे लागते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे. नराच्या फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो, मादीच्या फुलाखाली बोटभर लहानसे फळ आधीच दिसते. नराचे फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा केसर मादीच्या फुलाला अलगद लावायचा असतो. हे काम आमच्या इमारतीतली चौथी-पाचवीतली मुले करतात. संध्याकाळी सात वाजता ती दप्तर टाकून वर येतात, कोणते फूल आज उमलले ते शोधतात, आणि ज्या दुधीचे फूल आपण लावले त्याच्या देठाला दोरा बांधून ठेवतात. पुढचे पंधरा दिवस ती मुले त्या दुधीची वाढ वितीने मोजतात. दुधीची भाजी पाहून ताट सरकवणारा एक मुलगा आपल्या दोऱ्याच्या दुधीची भाजी दोनदा मागून जेवला, असे त्याच्या आईने मला डोळ्यांत पाणी आणून सांगितले. शाळांमध्ये पोषण बागा कराव्यात अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१९ मध्येच दिली आहेत. जिथे पटांगण नाही तिथे शाळेच्या गच्चीचा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते.

बियाण्याविषयी एक सूचना. बाजारातील संकरित बियाण्याच्या फळातून धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच येईल याची खात्री नसते, म्हणून दर वर्षी पाकीट आणावे लागते. गावरान वाणाचे बी आपण धरू शकतो, वाटू शकतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी परसातल्या वाल-घेवड्याच्या, भाज्यांच्या आणि भाताच्या गावरान वाणांचे बी जपले, त्याची बँक उभी केली, आणि २०२० सालची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांचे काम पाहिल्यावर मी माझ्या माहेरच्या घेवड्याचे बी शोधत गावी गेले. परस आता उरलेले नाही, पण शेजारच्या काकूंनी राखेत घोळलेले बी एका बाटलीत ठेवलेले होते. आज तो घेवडा आमच्या गच्चीवर आहे आणि त्याचे बी इमारतीतल्या चार घरांत गेले आहे. कोथिंबीर आणि मेथी यांसाठी तर बियाणे विकत आणण्याचीही गरज नाही. डब्यातले धणे चपलेने हलके रगडून दोन फाकी केले आणि रात्रभर भिजवून पेरले की आठ-दहा दिवसांत उगवतात, आणि डब्यातली मेथी तर तीन-चार दिवसांतच.

ग्रामीण भागात उमेद अभियानाने, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, बचत गटांच्या माध्यमातून 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम राबवली, ही फार चांगली गोष्ट झाली. शहरातल्या कुटुंबांसाठी तशी मोहीम मला दिसत नाही. महापालिकेने तीन कामे केली तरी पुष्कळ होईल. पहिले म्हणजे, गच्चीवर किती भार आणि कुठे ठेवता येईल हे अल्प शुल्कात तपासून लेखी देणारा अभियंता प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात उपलब्ध असावा, कारण बहुतेक कमिट्या भीतीपोटी नकार देतात आणि त्यांची भीती अधिकृत कागदाशिवाय जाणार नाही. दुसरे, रस्त्यांवरचा पालापाचोळा, जो जाळण्यास मनाई असूनही हिवाळ्यात सकाळी जागोजागी धुमसताना दिसतो, तो पोत्यांत भरून मागणाऱ्या सोसायट्यांना द्यावा. तिसरे, कचरा जिरवणाऱ्या मिळकतींना करात जी सवलत मिळते ती खड्डा बांधल्याबद्दल नव्हे, तर खत प्रत्यक्ष तयार होत असल्याबद्दल मिळावी आणि त्याची वर्षातून एकदा पाहणी व्हावी. सोसायट्यांच्या सभासदांना माझी विनंती आहे की, येत्या वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, सर्व हरकती लिहून काढाव्यात आणि एका वर्षासाठी, गच्चीच्या चौथ्या भागापुरती, परवानगी देऊन पाहावी. आमची सुरुवात अशीच झाली होती.

शेवटी, संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडे. आपल्या दैनिकात मार्केट यार्डातील भाव रोज छापून येतात आणि मी ते रोज वाचते. त्याच चौकटीखाली आठवड्यातून एकदा, या आठवड्यात घरी काय पेरावे, एवढ्या दोन ओळी आपण छापाव्यात. त्यासाठी वेगळी पुरवणी वा सचित्र लेख नको. आत्ताचेच सांगायचे तर, वांगी आणि टोमॅटोची रोपे टाकण्याची हीच वेळ आहे. गणपती उठले की मेथी, पालक, मुळा आणि शेपू पेरावा, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडा थोडा, म्हणजे भाजी एकदम न येता माघापर्यंत पुरते. आणि दिवाळीच्या आसपास वाटाणा आणि गाजर. ज्यांना आमच्या गावरान घेवड्याचे बी हवे असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट पाठवावे. आपली परवानगी असेल तर मी ती पाकिटे दर शनिवारी येऊन घेऊन जाईन आणि बी घालून टपालात टाकीन.

आपली नम्र,
एक वाचक
कोथरूड, पुणे